डाव्या खांद्यावरची पट्टी

चौकातल्या बॅनरवर माझ्या भावाचा जो फोटो लावला होता, त्यात त्याच्या डाव्या खांद्याला पट्टी आहे. डावा खांदा त्याचा कधी दुखलाच नाही. दुखायचा तो उजवा. पट्टी मीच बांधली होती, मुद्दाम चुकीच्या बाजूला, आणि हे फक्त आम्हा दोघांना माहीत होतं. तो सीमेवर मारला गेल्यावर ते माहीत असलेली मी एकटी उरले. रोज सकाळी टेमघरहून शाळेच्या कचेरीत जाताना माझी रिक्षा त्याच बॅनरखाली थांबायची आणि मी मान वर करायची नाही.

बॅनर तरी केवढा! खाली तो, कबड्डीच्या चड्डीत, मांडीवर थाप मारताना, आणि वर सात पुढारी हात जोडून. त्या सातांतल्या एकानेही त्याची एक चढाई बघितली नसेल. एकाचा वाढदिवस त्याच आठवड्यात होता म्हणून त्याचं तोंड जरा मोठं छापलेलं. माझा नवरा म्हणाला, "जाऊ दे ना, लोक प्रेमाने लावतात." मी म्हटलं, "डोंबलाचं प्रेम!" माझी जीभ पहिल्यापासून अशीच. आईला वाटायचं, हिला सासरी कोण नांदवणार. नवऱ्याचं लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, सुट्या भागांचं दुकान आहे, दिवसभर खडखडाट कानावर घेऊन तो घरी येतो, त्यामुळे माझं बोलणं त्याला टोचत नाही.

मला एकच गोष्ट कळायला हवी होती. तो मेला तेव्हा त्याचा उजवा खांदा निखळला होता का? बाकी मला काही नको होतं. सत्कार नको, शाल नको, चौकाला त्याचं नाव नको. खांदा निखळला नसेल, तर तो लढाईत मेला आणि मी इतर बहिणींसारखी रडायला मोकळी. आणि निखळला असेल, तर त्याला मारण्यात माझाही हात होता. हे कुणाला विचारायचं, हेच कळत नव्हतं. विचारायचं तर आधी सांगावं लागणार होतं, आणि सांगणं आमच्या घरात पाप होतं.

ते का, ते सांगते. माझं माहेर भिवंडीजवळच्या वळ गावचं. माझे बाबा हाड बसवायचे. शेती होती, खाडीत जाळं टाकायचे, पण आसपासच्या गावांत ओळख होती ती हाड बसवणारा म्हणून. कुणाचं मनगट निसटलं, कुणाचा घोटा फिरला, कुणाचा खांदा उतरला, की माणूस आमच्या पडवीत. शहरातून लूमवरचे कामगार यायचे, मानकोलीकडून हमाल यायचे, आणि सगळ्यात जास्त कोण, तर कबड्डीवाले. आमच्या पट्ट्यात प्रत्येक गावाचा संघ, काही गावांचे तर दोन, आणि दर स्पर्धेनंतर कुणाचं ना कुणाचं काहीतरी सुटलेलं. बाबा कुणाकडून काही घ्यायचे नाहीत. फारच झालं तर नारळ.

बाबांचा एकच नियम होता. ज्याचा सांधा बसवला, त्याचं नाव तोंडातून काढायचं नाही. बायकोजवळ नाही, मुलांजवळ नाही. कारण उघड होतं. कबड्डीत समोरच्या संघाला कळलं ना, की ह्याचा गुडघा कच्चा आहे, तर सातच्या सात जण त्या गुडघ्यावरच तुटून पडतात. मुद्दाम मोडायला नाही, पकड तिथे सोपी मिळते म्हणून. त्यामुळे खेळाडू आपलं दुखणं लपवतो आणि हाड बसवणाराही लपवतो. दोन वैरी संघांचे गडी एकाच सकाळी आमच्याकडे यायचे, तर बाबा एकाला पडवीत घ्यायचे आणि दुसऱ्याला मागच्या दाराने. मी दहा वर्षांची असल्यापासून त्यांना धरायला, तेल द्यायला हाताशी असायची. मी पडवीत जे बघितलं, ते मैत्रिणींना कधी सांगितलं नाही. इतर बाबतींत माझ्या पोटात काही राहायचं नाही, पण हे राहायचं.

भाऊ माझ्याहून बारा वर्षांनी लहान. तो बारा वर्षांचा असताना बाबा गेले. तोवर जमिनीवर गोडाऊनं उभी राहायला लागली होती. शेतं गेली, पैसा आला, आणि गावातली पोरं नाक्यावर गाड्यांना टेकून उभी राहायला लागली. आमचा त्यातला नव्हता. दोन गोडाऊनांच्या मध्ये एक पट्टी रिकामी होती, तिथे खाडीकडची माती आणून पोरांनी मैदान केलेलं. तो शाळेतून आला की तिथेच. अंगाने सडपातळ, पण कमरेतून असा वळायचा की धरणाऱ्याच्या हातात बनियनच राहायचा. मी तेव्हा टेमघरला नांदत होते, पण त्याचा सामना असला की कचेरीतून लवकर निघायची. साहेबांना थाप मारायची, दाताचं दुखणं. एवढ्या वेळा मारली की साहेब म्हणाले, "बाई, आता तुमचे सगळे दात पडून गेले असतील."

तो सतरा वर्षांचा असताना त्याचा उजवा खांदा पहिल्यांदा उतरला. सामन्यात नाही, सरावात. मी माहेरी आले होते. तो पडवीत आला तो पांढराफटक, उजवा हात डाव्या हाताने धरलेला, खांद्याच्या जागी खळगा पडलेला. आई बाजारात गेली होती. म्हणाला, "ताय, बाबा असते तर."

मी म्हटलं, "बाबा न्हायत. झोप खाली."

मी आयुष्यात एकही खांदा बसवला नव्हता. बसवताना बघितले होते पन्नास. त्याला जमिनीवर आडवं केलं, त्याच्या काखेत माझी टाच रोवली, मनगट धरलं आणि हळूहळू ओढायला लागले. बाबा ओढताना माणसाला भलतंच काहीतरी विचारायचे, म्हणजे अंग सैल पडतं. मी विचारलं, "सकाळी काय खाल्लंस?" तो दात आवळून म्हणाला, "भाकर." "कशाशी?" तो सांगायला लागला आणि खट् आवाज झाला. बसला. मी मागे कलंडले आणि हसायलाच लागले, भीतीने. तोही हसला, डोळ्यांतून पाणी काढत. खरं सांगते, त्या दिवशी मला स्वतःचा फार अभिमान वाटला. बाबांची विद्या माझ्या हातात होती, आणि ती पहिल्यांदा लागली ती माझ्याच भावाला.

एकदा उतरलेला खांदा पुन्हा उतरतो. बाबा म्हणायचे, दार एकदा सैल झालं की वाऱ्यानेही उघडतं. त्याचा उतरायला लागला. वर्षात तीनदा. दर वेळी तो माझ्याकडे टेमघरला यायचा, मी दार लावून बसवायची. आणि मग तालुक्याची स्पर्धा आली. अंतिम सामन्याच्या दिवशी तो घाबरला होता. समोरच्या संघात एक दांडगा गडी होता, तो नेमका उजवा हात मुरगळायचा. तेव्हा माझ्या डोक्यात आलं. म्हटलं, थांब. मी क्रेपची पट्टी घेतली आणि त्याच्या डाव्या खांद्यावर, छातीवरून काखेतून, चांगली ठसठशीत बांधली. म्हटलं, "मैदानात जाताना डावा हात जरा जपून हलव. तोंड वाकडं कर."

झालं की! समोरचे सगळे डाव्या बाजूवर धावले. त्यांना वाटलं, हा कच्चा. तो डावा खांदा म्हणजे लोखंड होतं. धरला की झटकून मोकळा, आणि उजव्याकडे कुणी फिरकलंच नाही. सामना त्याने एकट्याने काढला. गावात मिरवणूक निघाली, ढोल वाजले, आणि मी बायकांत उभी राहून मनात म्हणत होते, अक्कल माझी आहे रे. बॅनरवरचा फोटो त्याच सामन्यातला. त्यानंतर पट्टी कायमचीच झाली. सामना असो नसो, डाव्या खांद्यावर पट्टी. कुणी विचारलं तर सांगायचा, जुनं दुखणं आहे. संघातल्या पोरांनाही तेच माहीत.

खेळाडूंच्या कोट्यातून सैन्यात भरती निघाली तेव्हा तो एकोणीस वर्षांचा. चाचण्यांत पहिला आला. मग मेडिकल होतं. खांदा निखळतो असं कळलं असतं तर तिथूनच घरी पाठवलं असतं. तो मला म्हणाला, "ताय, तू कोनाला सांगू नको." मला सांगायला लागत नव्हतं. उलट मीच त्याला दीड महिना तयार केलं. सकाळी बादल्या उचलायला लावल्या, हात किती वर नेला की धोका, कुठे वळवायचा नाही, सगळं शिकवलं, आणि डाव्या खांद्याची पट्टी त्या दिवसापुरती घरी ठेवायला लावली. डॉक्टरने हात वर करायला सांगितलं की आधी डावा वर कर, उजवा त्याच्या लयीत जाऊ दे. तो पास झाला. मला एका क्षणालाही वाटलं नाही की हे चूक आहे. माझ्या लेखी तो डॉक्टर म्हणजे समोरचा संघ होता. समोरच्या संघाला आपण आपलं दुखणं दाखवत नाही.

आणि दुसरंही होतं. मला त्याला त्या नाक्यापासून लांब न्यायचं होतं. त्याच्या वयाची दोन पोरं गाडीवरून पडून मेली होती, एक दारूत गेला होता. मला वाटलं, तिकडे सुरक्षित राहील. हसू येतं आता. सुरक्षित!

नऊ वर्षं तो सैन्यात होता. पलटणीच्या संघातून खेळायचा, रजेवर आला की आईसाठी स्वेटर, माझ्यासाठी अक्रोड. मरणाच्या दोन वर्षं आधी गणपतीच्या रजेत माळ्यावरून मखर काढताना त्याचा खांदा उतरला. आई शेजारी गेली होती. मी बसवला. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली, कारण तो फार सहज उतरला होता आणि फार सहज बसला होता. मी म्हटलं, "आता तिथल्या डॉक्टरला सांग."

"सांगितला तर मेडिकलची खालची कॅटेगरी लागल. कागदं वाहायला बसवतील. संघ पण जाईल."

"मग बस कागदं वाहत! मी नाही का नऊ तास कागदंच वाहत?"

तो हसला. म्हणाला, "तू वाघीन हायस, तुला सगलं जमतं." मी तेवढ्यावर विरघळले. तिथे मी हट्ट धरायला हवा होता. रडून, शिव्या देऊन, आईला सांगून. मी धरला नाही. पट्टी सैल झाली होती, ती पुन्हा डाव्या खांद्यावर घट्ट बांधून दिली आणि त्याला मोदक वाढले.

मग सीमेवर सुरू झालं. इथे आम्हाला काय कळतंय? टीव्हीवर माणसं बेंबीच्या देठापासून ओरडत होती, नकाशावर बाण उडत होते. शहरात भोंगा वाजवून हवाई हल्ल्याचा सराव घेतला. आमच्या मजल्यावरचे एक गृहस्थ दार उघडं टाकून बातम्या बघायचे आणि आपल्याकडून तोफा सुटल्या की टाळी वाजवायचे. तिसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरात शिरले आणि टीव्हीची पिनच उपटली. म्हटलं, "तिथे माझा भाऊ आहे, ही मॅच नाही." नंतर त्यांची बायको येऊन माफी मागून गेली.

त्याचा शेवटचा फोन आला तो आईला. नेटवर्क नसेल, काळजी करू नको, एवढंच. माझ्याशी बोलणं झालं नाही. दोन दिवसांनी सकाळी दहा वाजता मला कचेरीत निरोप आला की वळला निघून या. का, ते कुणी सांगेना. रिक्षातच मला कळलं, कारण मानकोलीच्या रस्त्यावर आमच्या गावची पोरं दुखवट्याच्या बंदसाठी गाड्या आडव्या लावून कंटेनर थांबवत होती.

पेटी आली ती बंद. सोबतचा अधिकारी चांगला माणूस होता, हळू आवाजात म्हणाला, उघडू नका. आईने पेटीवर डोकं टेकलं. हजारो माणसं, घोषणा, फुलं, मोबाईल वर धरलेले हात. आणि मी काय विचार करत होते, सांगू? मला पेटी उघडून त्याचा उजवा खांदा चाचपायचा होता. बोटं ठेवली असती तर मला कळलं असतं, बसलेला आहे की उतरलेला. मी त्या अधिकाऱ्याला गाठलंही. म्हटलं, "साहेब, त्याचा खांदा..." त्याला वाटलं, मी दुःखाने काहीतरी बरळते आहे. त्याने माझ्यासाठी पाणी मागवलं. म्हणाला, "त्यांना त्रास झाला नाही, ताई." हे ते सगळ्यांनाच सांगत असतील. मी पाणी प्यायले. तासाभरात चिता पेटली, आणि बघायचं काही उरलं नाही.

नंतरचे तीन महिने मी माणसांत होते म्हणून होते. कचेरीत दाखले लिहायचे, चुकायचे, पुन्हा लिहायचे. गावाने त्याच्या नावाने कबड्डीची स्पर्धा भरवली आणि चषक माझ्या हातून द्यायला लावला. जिंकलेल्या संघातल्या सातही पोरांनी डाव्या खांद्याला पट्ट्या बांधल्या होत्या, त्याच्या आठवणीत. मी चषक घाईने त्यांच्या हातात कोंबला आणि तोंड फिरवलं. लोकांना वाटलं, भरून आलं.

असाच एक रविवार. मी वळला आईकडे होते. दुपारी जेवणं झाली होती, आई आत भांडी लावत होती, आणि ओटीवर एक पोरगा येऊन उभा राहिला. पंचविशीचा, केस बारीक कापलेले, पाठीवर बॅग. भिवंडीच्या स्टँडवरून विचारत विचारत आला होता. घाटावरचा होता, साताऱ्याकडचा. म्हणाला, उस्तादांच्या बरोबर होतो. ते लोक वरच्या हुद्द्याच्या माणसाला उस्ताद म्हणतात. माझा भाऊ उस्ताद झाला होता, हे मला तेव्हा कळलं.

मी त्याला बसवलं. काहीतरी विचारलं, तर तो कान पुढे करून म्हणाला, "ताई, जरा मोठ्यानं. कान गेल्यात माजं. एक पुरता गेलाय, एकानं थोडं थोडं येतंय." मग मी जवळजवळ ओरडूनच विचारलं, पाणी घेतोस का. त्याने घेतलं. ग्लास रिकामा केला तरी हातातून सोडेना.

आणि मग मी न विचारताच त्याने सांगायला सुरुवात केली. ते सांगायलाच तो आला होता.

पहाटेपासून तोफा पडत होत्या. बंकरची एक बाजू बसली. त्याच दणक्याने ह्याचे कान गेले, नुसती शीळ वाजत राहिली, बाकी काही ऐकू येईना. माझ्या भावाच्या पायांवर पोती आणि लाकडं पडली होती. ती ह्याने हलवली, पाय मोकळे झाले, पण मांडीत तुकडा घुसलेला, त्याला उभं राहता येत नव्हतं. ओढत न्यायचं होतं, दहा-बारा पावलांवर दगडांचा आडोसा होता, तिथपर्यंत.

"मी त्यांचा हात धरला, ताई. उजवा. डावा खांदा त्यांचा खराब, हे आमच्यात सगळ्यांस्नी ठावं. पट्टी कायम डाव्याला, जाकिटाच्या आत पण. म्हनून मी मुद्दाम डाव्याला हात लावला न्हाई. उजवा धरला आनि जीव खाऊन वडलं. ते वरडत हुते. मला वाटलं, वड म्हनत्यात. मी आनि जोर लावला. मग हात असा लुळा झाला, लांबल्यावानी, आनि त्यांचं त्वांड पांढरं पडलं. मी भ्यालो. सोडला हात. मला वाटलं, तिथं बी लागलंय. दुसऱ्या अंगानं धरावं म्हनून फिरलो, आनि तेवढ्यात पडला."

गोळा पडला, म्हणजे. हा फेकला गेला. माझा भाऊ तिथेच होता.

मी खांबाला टेकले. मला जे कळायला हवं होतं ते कळलं होतं, आणि मला वाटलं होतं त्याहून ते वाईट होतं. मला वाटायचं, मी फक्त लपवलं. मी लपवलं नव्हतं. मी चुकीची जागा दाखवून ठेवली होती. ह्या भल्या पोराने ती बघितली, लक्षात ठेवली, आणि माझ्या भावाला जपायचं म्हणून बरोबर तोच हात धरला.

तो म्हणाला, "ते काय वरडत हुते, ते मला कळलं न्हाई. रोज ते त्वांड दिसतं हलताना. डॉक्टरला विचारलं, सायबांना विचारलं. त्यांनी म्हनलं, इसर. तुमी भन हाय. तुमाला काय वाटतं, ताई? मी हात सोडला म्हनून शिव्या देत हुते का?"

मी गप्प बसू शकले असते. सवयच होती. म्हटलं असतं, देवाचं नाव घेत असेल, आईला हाक मारत असेल. पोरगा चहा पिऊन गेला असता, आणि आयुष्यभर ते तोंड बघत बसला असता. आणि मी बॅनरखालून रिक्षाने गेले असते. मला बाबा आठवले नाहीत, नियम आठवला नाही. मला फक्त त्या पोराची बोटं दिसत होती, ग्लासवर आवळलेली.

मी म्हटलं, "उजवा नको म्हणत होता."

"काय?"

"उजवा नको!"

"मोठ्यानं, ताई."

मग मी ओरडले. शेजारपाजारचे, रस्त्यावरचे, ज्याला ऐकायचं त्याने ऐकावं. "उजवा नको असं ओरडत होता! डावा धर म्हणत होता! त्याचा उजवा खराब होता! सतरा वर्षांचा असल्यापासून! मी बसवायची तो, मीच लपवला, पट्टी मी बांधली डाव्याला! तुझी चूक नाही, तुला माहीत असणं शक्यच नव्हतं! माझी आहे!"

आतलं भांड्यांचं वाजणं थांबलं. आई दारात आली. हात ओले, पदर खोचलेला. तिने माझ्याकडे बघितलं आणि चौकटीला धरून उभी राहिली.

मला वाटलं होतं, पोराच्या डोक्यावरचा भार उतरेल. कसला उतरतोय? तो माझ्याकडे बघत राहिला आणि मग त्याचा चेहरा रागाने लाल झाला. "एकदा तरी सांगायचं हुतं, ताई. आमाला तरी. आमी काय दुश्मन हुतो व्हय?" त्याचा आवाज फुटला. "मी डावा धरला असता. तेवढंच तर हुतं. डावा धरला असता."

मी मान हलवली फक्त. वाटलं, आता हा उठून जाईल, आणि जावंच त्याने. तो उठला. बॅग उचलली. पायरीपर्यंत गेला. मग थांबला, बॅग खाली ठेवली, परत आला आणि ओटीच्या लादीवर उताणा आडवा झाला, पाय सरळ करून.

"दाखवा," तो म्हणाला.

"काय?"

"कसं धरायचं हुतं, ते दाखवा मला."

मी त्याच्या डोक्याशी गुडघ्यांवर बसले. डावा हात त्याच्या डाव्या काखेतून छातीवर नेला, उजव्या हाताने कमरेचा पट्टा मागून घट्ट धरला, त्याचं डोकं माझ्या खांद्याला टेकवलं. त्याचा उजवा हात उचलून त्याच्याच पोटावर ठेवला. म्हटलं, "असं. हा हात असा ठेवायचा, ह्याला शिवायचं नाही." आणि ओढलं. चाळिशी उलटलेली बाई मी, तो चांगला सत्तर किलोचा गडी. सरकला की! लादीवरून सरसर सरकला, एक पाऊल, दोन, चार. मला धापही लागली नाही. मी मोजत गेले. बारा पावलं झाली तेव्हा आम्ही ओटीच्या दुसऱ्या टोकाला भिंतीपाशी होतो.

"परत," तो डोळे मिटून म्हणाला.

तो उठून पहिल्या जागी जाऊन पडला. मी परत ओढलं. तेवढंच सोपं. तेवढाच वेळ. तिसऱ्यांदाही पकड सुटली नाही, आणि भिंतीपाशी आल्यावरही मला त्याला सोडवेना. आई आली, माझ्याजवळ खाली बसली आणि तिने माझी बोटं एकेक करून त्या पट्ट्यावरून सोडवली.

"बस कर गो," ती म्हणाली. "आला तो भाईर."

मी ऐकलं नाही. मी त्याला पुन्हा पहिल्या जागी झोपायला सांगितलं.